दारू किती तापली होती?

मागच्या महिन्यात फोनवर बोलताना मी जरा जोरातच म्हणाले, "बाबा, दारू तापली होती, म्हणून झालं हे सगळं." तिकडे खडकीला आमच्या शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या आणि बाबांचा फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता. मुलगी अमेरिकेत बिघडलेली नाही, ती बंदुकीच्या दारूबद्दल बोलतेय, हे काकूंना पटवण्यात बाबांची पुढची वीस मिनिटं गेली. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा बरी आहे असं काकूंना वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

तर ही त्या दारूची गोष्ट.

मी अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळच्या मेसामध्ये राहते. पोटासाठी सॉफ्टवेअर तपासते आणि शनिवारी पहाटे उठून ६०० यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडते. शिकार करत नाही, करायची इच्छाही नाही. रायफल बोल्ट अ‍ॅक्शनची, म्हणजे दर गोळीला दांडा हाताने मागेपुढे करायची; काडतूस ३०८ विंचेस्टर जातीचं. काडतुसं घरीच भरते. वापरलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, साफ करून पुन्हा मापात आणायची, बुडात नवा प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, बसवायचा, तोलून दारू ओतायची, वर गोळी दाबायची. गॅरेजमध्ये टेबलाला प्रेस ठोकलेला आहे. नवरा त्याला 'तुझा शेवयांचा सोऱ्या' म्हणतो. इथे हा छंद कायद्यात बसतो. भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्यांनी हे नुसतं वाचावं. आणि दारू किती घालते ते मी लिहिणार नाही, विचारूही नका. प्रत्येक नळी वेगळी असते. दुसऱ्याचं माप आपल्या रायफलला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून घाटात गाडी चालवणं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी एक नवीन भार बसवला. भार म्हणजे केस, प्राइमर, दारू, गोळी यांचं ठरलेलं गणित. त्या वेळी हाताशी होती ती दारू दुहेरी बेसची, म्हणजे नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोग्लिसरीन मिसळलेली. नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी म्हणून सरकारी शूटिंग रेंज आहे, तिथे सकाळी सातला गेले तेव्हा हवेत ८ अंश होते. मी माप थोडं थोडं वाढवत गेले, पुस्तकातल्या कमाल मापाच्या किंचित खाली थांबले. काडतुसं छान चालली. वेग सारखा, पाच गोळ्या एका बटाटेवड्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. मी खूश. त्याच मापाने शंभर काडतुसं भरली, डब्यावर तारीख घातली आणि कपाटात ठेवली.

जूनमध्ये तो डबा काढला. इथला जून म्हणजे विदर्भाचा मे, फक्त दमटपणा वजा करून आणि वर आणखी दोन-चार अंश घालून. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता, त्या महिन्यात मी कपडे वाळत घालून वळेपर्यंत पहिला शर्ट वाळलेला असायचा. असो. त्या दिवशी सकाळी नऊलाच ३८ झाले होते. डबा गाडीच्या मागच्या सीटवर होता, वाटेत मी नाश्त्याला थांबले होते आणि गाडी उन्हात होती. रेंजवर मी तो टेबलावर ठेवला, तोही उन्हात, झाकण उघडं.

पहिल्या गोळीला खांद्याला धक्का नेहमीपेक्षा जरा कडक वाटला. मला वाटलं, मीच नीट बसलेली नाही. दुसरी झाडली आणि बोल्टचा दांडा वर उचलला, तर उचलेना. तळहाताने खालून ठोकल्यावर उघडला. केस बाहेर पडली तेव्हा तिच्या बुडावर चकचकीत गोल ठसा होता. पितळ दाबाने मऊ पडून बोल्टवरच्या इजेक्टरच्या, म्हणजे केस बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या, भोकात घुसलं होतं, आणि बोल्ट फिरताना तिथे घासलं गेलं होतं. प्राइमरच्या गोलसर कडा इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट.

हे दिसल्यावर तिसरी गोळी झाडायची नसते. ३०८ साठी अमेरिकेतली मान्य कमाल दाबाची मर्यादा आहे ६२,००० पौंड प्रति चौरस इंच. माझ्याकडे दाब मोजायचं यंत्र नाही, कोणाच्याच गॅरेजमध्ये नसतं. पितळ बोलतं तेवढंच आपल्याला ऐकू येतं, आणि पितळ बोलायला लागतं तेव्हा मर्यादा बहुतेक मागे पडलेली असते. मी रायफल रिकामी केली, सामान आवरलं, घरी आले.

संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत बत्तीस वर्षं होते, त्यातली निम्म्याहून जास्त तपासणी विभागात. आमचं बालपण रेंज हिल्सच्या क्वार्टर्समध्ये गेलं, फॅक्टरीच्या भोंग्यावर घड्याळ लावत. कामाबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत, आणि निवृत्त झाल्यावर मीच विषय काढते म्हणून बोलतात, तेही छापील पुस्तकात मिळेल इतपतच. मी सगळं सांगितलं. माप तेच, केस त्याच, गोळी तीच, हवेत फक्त ३० अंश जास्त.

"हवेचं काय सांगतेस मला," बाबा म्हणाले. "दारू किती तापली होती?"

मी गप्प. मला माहीतच नव्हतं.

"मग तू काही मोजलेलंच नाहीस. आमच्याकडे काडतूस आधी ठरलेल्या तापमानाला तासन्‌तास मुरवायचे. आतला दाणा न् दाणा त्या तापमानाला आला की मग झाडायचं. हवा गेली खड्ड्यात."

'मुरवायचे' हा त्यांचाच शब्द, लोणच्यासारखा. नाटोच्या चाचणीतही हेच असतं. काडतुसं उणे ५४, अधिक २१ आणि अधिक ५२ अंशांना मुरवतात आणि तिन्ही ठिकाणी दाब आणि वेग मोजतात. सैनिकाच्या काडतुसाला सियाचीनही बघायचं असतं आणि जैसलमेरही. माझ्यासारखी हौशी माणसं मात्र एका सुखद सकाळी भार बसवतात आणि तो बारमाही आहे असं धरून चालतात.

आता हे होतं का, ते जमेल तसं सांगते. धूरविरहित दारूचा स्फोट होत नाही, ती जळते. फार वेगाने, पण जळतेच, आणि लाकडाच्या ढलपीसारखी पृष्ठभागावरून आत जळत जाते. पृष्ठभाग पेटण्याच्या तापमानापर्यंत न्यायला उष्णता लागते. दाणा आधीच तापलेला असेल तर ती कमी लागते, म्हणून तो भरभर जळतो. इथवर चुलीचं गणित आहे. पण काडतुसात एक दुष्टचक्र आहे. दारू जळून वायू होतो, वायूने दाब वाढतो, आणि दाब वाढला की दारू आणखी जोरात जळते. त्यात गोळी अजून नळीत फारशी सरकलेली नसते, म्हणजे वायूला पसरायला जागा नसते. सुरुवातीला थोडीशी घाई झाली तरी दाबाचं शिखर लवकर आणि उंच येतं. त्यामुळे वेग थोडा वाढलेला दिसतो तेव्हा दाब त्याहून कितीतरी जास्त टक्क्यांनी वाढलेला असतो. वेगाचा आकडा बघून 'फार काही नाही' म्हणणाऱ्यांची गफलत इथे होते. मीही म्हणायचे.

बाबांनी त्या दिवशी कॉर्डाइटची गोष्ट सांगितली. इंग्रजांची ही जुनी दारू १८८९ ची, शेवयांसारख्या लांब काड्यांची. कॉर्ड म्हणजे दोरी, म्हणून कॉर्डाइट. पहिल्या प्रकारात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (म्हणजे नायट्रोसेल्युलोजच) आणि ५ टक्के चक्क व्हॅसलिन. (नवऱ्याला सोऱ्याबद्दल उत्तर द्यायला मला इतिहासाचा आधार मिळाला.) विलायतेत थंड हवेत बसवलेली काडतुसं हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत आली की दाब वाढायचा, आणि झाडलेली केस चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत, चिकटून बसायची. समोर जखमी वाघ आणि बंदूक उघडत नाही, हा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मग गरम मुलखासाठी कमी दारूची काडतुसं वेगळी निघाली, 'ट्रॉपिकल' असा शिक्का मारलेली. रिग्बी या बंदूक कंपनीचं १९११ चं ४१६ काडतूस बघितलं तर त्याची केस उगाच मोठी वाटते. ती उगाच नाही. मोठ्या पोटात तीच दारू कमी दाबाने जळते, मग उन्हाळ्यात दाब चढला तरी केस सुटून येते. दारू बदलता येत नव्हती, म्हणून त्यांनी तिचं घर मोठं केलं. निलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना आजही त्याच नावाने आहे, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा.

फोन ठेवताना बाबा म्हणाले, "मोज आणि मग बोल." हे वाक्य मी दहावीच्या निकालापासून ऐकत आलेय.

मग मोजायचं ठरवलं. मोजायचं म्हणजे दाब नाही, वेग, कारण तो मोजणारं छोटं रडार आता हौशी माणसाच्या आवाक्यात आलंय. आधी ती उरलेली ९८ काडतुसं फोडली. हातोडीसारखं एक प्लास्टिकचं अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटते. दोन संध्याकाळी ठकठक. वरच्या मजल्यावरून मुलगी ओरडली, "आई, काय तोडतेस?" मग तीच दारू, पण माप बरंच खाली आणून, तीस काडतुसं भरली, वर एक जास्तीचं. आणि शेजारी तीस काडतुसं वार्गेट नावाच्या दारूची. ही हॉजडन कंपनी विकते, पण तयार होते ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला गावी. तापमानाला कमी बधते अशी तिची ख्याती आहे. ते कसं साधतात याची सगळी कृती कंपनी अर्थातच सांगत नाही. दाण्याचा आकार, त्यातलं आरपार छिद्र आणि दाण्यावरचा जळण मंद करणारा लेप, यांच्या मेळात ते आहे एवढंच ढोबळपणे कळतं.

मुरवण्याची सोय घरगुती. एक थर्मोकोलची पेटी, तळाशी बर्फाची पाकिटं, त्यावर टॉवेल, त्यावर काडतुसं, काडतुसांमध्ये स्वयंपाकघरातला तारेचा थर्मामीटर. दुसरी पेटी घरातल्या एसीच्या तापमानाची. तिसरी रेंजवर छपराच्या सावलीत, बाहेरच्या हवेइतकी. उन्हात मुद्दाम तापवायची नाहीत हे पहिल्यापासून ठरलं होतं. प्रत्येक पेटीला तीन तास. थर्मामीटरची तार मी एका रिकाम्या केसमध्ये दारू आणि गोळी घालून, प्राइमरच्या रिकाम्या भोकातून आत सोडली. म्हणजे आकडा दारूचाच, हवेचा नाही. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. त्यांच्याकडून अंगठा म्हणजे पद्मश्री.

जुलैतल्या एका शनिवारी पहाटे सुरुवात करून सगळं झाडून झालं. प्रत्येक तापमानाला, प्रत्येक दारूच्या दहा गोळ्या. वेग फूट प्रति सेकंद. दुहेरी बेसची दारू ५ अंशांना सरासरी २५०८, २३ अंशांना २५५२, ४१ अंशांना २६०१. म्हणजे ३६ अंशांच्या फरकाला ९३ फूट. वार्गेट त्याच तापमानांना २५६६, २५७४ आणि २५८४. अठरा फूट.

ते अठरा फूट बघून मी नाचले नाही. माझ्या दहा गोळ्यांमध्येच एकमेकींत दहा फुटांच्या आसपासची चलबिचल असते, म्हणजे सरासरीतसुद्धा तीनेक फुटांची धूळ उरते. अठरा खरे आहेत, पण ते तेरा किंवा तेवीसही असू शकतात. तीन गोळ्या थंड, तीन गोळ्या गरम झाडून 'माझी दारू तापमानाला दाद देत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे रेंजवर दर शनिवारी भेटतात. ऑफिसात मी असा टेस्ट रिपोर्ट परत पाठवते. आणि आणखी एक. हा आकडा दारूचा एकटीचा नाही. केस, प्राइमर, गोळी, नळी, माप, सगळं मिळून तो येतो. वार्गेट माझ्या ३०८ मध्ये शांत आहे म्हणून दुसऱ्या काडतुसातही तितकीच शांत असेल, असं धरू नये. 'स्थिर' असं डब्यावर छापलेलं असतं त्याचा अर्थ 'कमी अस्थिर' एवढाच.

९३ फुटांनी कागदावर काय होतं? १७५ ग्रेन वजनाची गोळी ६०० यार्डांवर आठ-नऊ इंच वर जाते. शिवाय गरम हवा विरळ असते, गोळीला कमी अडवते, तिचे काही इंच वेगळे, आणि दुर्दैवाने त्याच दिशेला. हिवाळ्यात दोन्ही मिळून खाली ओढतात. म्हणून दुर्बिणीवरचे जानेवारीचे क्लिक जूनमध्ये लावून 'आज माझा नेम गेलाय' म्हणत स्वतःला कोसणारी माणसं असतात. मी त्यांतली एक होते, पूर्ण दोन उन्हाळे. श्वास सुधारला, चाप ओढण्याची पद्धत बदलली, रायफल टेकवायचा महागडा रेस्ट घेतला. त्या पैशात पुण्याचं एक तिकीट निघालं असतं.

पण त्या दिवशी सगळ्यात जास्त शिकवलं ते अकराव्या गोळीने, जी मोजणीत नव्हतीच. गरम पेटीच्या दहा गोळ्या संपल्या, नळीला हात लावता येत नव्हता. थंड पेटीतलं ते एक जास्तीचं काडतूस मी चेंबरमध्ये घातलं, बोल्ट बंद केला, आणि तेवढ्यात रेंजवर कोणीतरी हात वर केला म्हणून वाऱ्याचं निशाण बघत थांबले. दोन-तीन मिनिटं. मग झाडली. थंड पेटीतली ती गोळी, २५०८ ची अपेक्षा, आणि रडारवर २५८९. बर्फातून काढलेलं काडतूस तव्यावर टाकल्यासारखं नळीत भाजलं गेलं होतं. माझ्या वहीत तिचं तापमान ५ अंश लिहिलेलं होतं. हवेचं ४१. दोन्ही चूक.

एका गोळीवरून नियम काढू नये, हे मीच वर सांगितलंय. पण पुढच्या दोन शनिवारी मी मुद्दाम तसंच पुन्हा केलं, माप खाली असलेल्या काडतुसांवरच, आणि वेग दरवेळी चढला. तेव्हापासून बोल्ट उघडा ठेवते. नेम धरून, वारा वाचून झाला की मगच काडतूस आत आणि लगेच चाप. आणि 'थांबा' म्हणाले की काडतूस बाहेर, सावलीत.

डब्याबद्दलही जरा. टेंपीच्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये इथल्याच उन्हात उभ्या गाड्या मोजल्या होत्या. तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंश, सीट ५१, डॅशबोर्ड ६९. त्यांचा विषय गाडीत राहिलेली लहान मुलं हा होता, पण तो आकडा वाचून मला माझा मागच्या सीटवरचा डबा आठवला. हवेत ३८ होते आणि दारू बहुधा पन्नाशीला टेकली होती. जानेवारीच्या आठावरून पन्नास. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला असं वर्षभराने मिळालं. आता डबा बर्फाशिवायच्या आइसबॉक्समध्ये जातो, वर पांढरा टॉवेल. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना वाटलं मी डबा आणलाय, म्हणून त्यांनी विचारलं, आज समोसे आहेत का. पुढच्या वेळी नेले. समोसे वेगळ्या पेटीत.

दारू उष्णतेत महिनोन्‌महिने ठेवली तर ती कायमची बिघडते, तो आणखी वेगळा विषय. त्यातला स्थिर ठेवणारा घटक संपत जातो, आंबूस वास येतो, तांबूस वाफ दिसते. तसं दिसलं तर ती डब्यासकट बाद. गॅरेज इथे उन्हाळ्यात भट्टी होतं, म्हणून माझी दारू घरात, कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी आहे, कंपनीच्या मूळ डब्यात आणि कुलपात. साड्या वर आहेत. आईला हे सांगितलेलं नाही.

वहीत मी 'तापमान' हा रकाना खोडून त्याचे दोन केले, हवा आणि दारू. भारही आता उन्हाळ्यातच बसवते, सावलीतल्या ४० अंशांना, म्हणजे वर जायला फार जागा उरत नाही. हिवाळ्यात वेग थोडा कमी मिळतो, मिळू दे.

डिसेंबरात फ्लॅगस्टाफला जायचा बेत आहे. सात हजार फुटांवर, बर्फात. काल बाबांना सांगितलं तर त्यांना आनंद झाला, ते एकदम म्हणाले, "तिथे उणे किती असतं गं?"

मी म्हटलं, "हवेचं विचारताय की दारूचं?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग काकूंचा आवाज आला, "पुन्हा दारूच?"

बाबांनी या वेळीसुद्धा स्पीकर बंद केला नव्हता.